नंदीवाला पट: आमच्या गावचं बुद्धिबळ मंडळ सुरू झालं तरी कधी?

पऱ्हाटी

नमस्कार मंडळी. आमचं गाव दारव्हा तालुक्यातलं, शकुंतला रेल्वेच्या रुळांपासून थोडं आत. गावच्या वाचनालयामागच्या खोलीत बुद्धिबळ मंडळ भरतं. आठ-दहा पट, दोन घड्याळं, एक कपाट आणि संध्याकाळी येणारी पंधरा-वीस माणसं, एवढंच मंडळ. यंदा वाचनालयाचं छप्पर उतरवून नवं टाकायचं ठरलं. कपाट रिकामं करायला मी आणि माझी चुलत बहीण गेलो, तेव्हा सगळ्यात खालच्या कप्प्यात एक पत्र्याची पेटी सापडली.

पेटीत लाकडी मोहऱ्यांचा एक संच आहे. त्यातले घोडे घोडे नाहीतच, बैल आहेत! वशिंड आहे, शिंगं आहेत, गळ्यात घुंगरमाळ कोरलेली आहे. सोबत डाव उतरवून ठेवलेली लांब वही आहे, पण तिची पहिली पानं वाळवीनं खाल्ली. आणि सुतळीनं बांधलेला १५ पैशांच्या पोस्टकार्डांचा गठ्ठा आहे. कार्डांवर पत्ता सोडला तर जवळजवळ नुसते आकडेच. एकावर लिहिलंय, "प्रकृती बरी. ७१६३ – २८३६. कळावे."

नव्या खोलीच्या भिंतीवर मंडळाची पाटी लावायची आहे. स्थापना कधी आणि कोणी केली, हे तिच्यावर काय लिहावं? मी लहानपणापासून ऐकलं की खेळ वाड्यात सुरू झाला आणि तिथून वाचनालयात आला. आई म्हणते, तसं नाही. पण मग कसं, हे तिलाही नीट सांगता येत नाही. ज्यांना ठाऊक असेल त्यांनी लिहा. पाटीवर एकच ओळ मावणार आहे, पण ती खरी असावी.

शकुंतला_पॅसेंजर

बैल अडीच घरं चालतो हे आजच कळलं. फोटो टाका ना ताई!

पऱ्हाटी

टाकलाय वर. मोजले तर बैल तीनच निघाले. चौथ्याच्या जागी दोरा गुंडाळायची लाकडी रीळ आहे.

वावरवाला

ताई, तो नुसता बैल नोहे, तान्ह्या पोयाचा नंदी होय. फोटो पाह्यल्याबरोबर वळखला म्या. आमच्या आळीत सुतारबाबा होते. पोया जवळ आला का त्याईच्या घरापुढं लाकडाच्या ढलप्याईचा ढीग पडे. गावातल्या पोट्ट्याईले ओढाले नंदी त्याईच्याच हातचे. मोहरे करून द्या म्हनून कोनं तरी त्याईले सांगतलं. राजा, वजीर, हत्ती कसे पाह्यजे ते मातीत काडीनं काढून दाखवलं. घोडा काही काढता आला नाही त्या मानसाले. सुतारबाबा म्हनले, जनावरच पाह्यजे ना, मंग ते माह्यावर सोड. हात ज्या वळनाचा, त्याच वळनानं चालला.

म्हनून आमच्या गावात अजूनबी कोनी 'घोडा मारला' म्हनत नाही. 'नंदी गेला' म्हनते.

रंगाचंबी सांगतो. दुकानातला रंग आनलाच नव्हता. एका बाजूच्या मोहऱ्याईले हयद अन् तेल, दुसऱ्या बाजूले काजळी अन् तेल. माह्या लहानपनी पांढरे-काये म्हनतच नव्हतो आमी. हयदीवाला आधी खेये, काजळीवाला मागून.

पऱ्हाटी

वावरवाला भाऊ, आता उलगडलं! वहीत जागोजागी 'ह' आणि 'का' लिहिलंय. मला वाटलं ती माणसांच्या नावांची अक्षरं आहेत.

अंबाडी

वाड्याचा उल्लेख आला म्हणून लिहितो, कारण वाडा आमचाच. माझे आजोबा बुद्धिबळ खेळत आणि उत्तम खेळत, यात शंका नाही. त्यांच्याकडे हाडाच्या मोहऱ्यांचा संच होता, घरात त्याला हस्तिदंती म्हणायचे. पण ते खेळत ते देशी नियमांनी. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाई. किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्तीची एकत्र चाल, नव्हता. त्याऐवजी राजाला शह लागलेला नसेल, तर एकदाच घोड्यासारखी उडी मारायची मुभा असे. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ज्याचं ते घर, तेच मोहरं मिळे. हत्तीच्या घरात पोचलं तर हत्ती, उंटाच्या घरात पोचलं तर उंट. आणि समोरच्याचा राजा एकटा उरला की बुर्जी, म्हणजे डाव बरोबरीत. त्यामुळे जिंकणाऱ्याला समोरच्याचं एखादं प्यादं जपून जिवंत ठेवावं लागे. आजोबांचं त्यातलं कसब बघायला लोक येत.

गावाला खेळ ठाऊक झाला तो या वाड्यातून. स्थापनेचं श्रेय वाड्याला द्यावं असा माझा आग्रह नाही. पण उगम तिथलाच आहे.

फरदड

अंबाडीदादा, तुमच्या आजोबांच्या खेळाबद्दल मी माझ्या बाबांकडून पुष्कळ ऐकलंय. त्यांनी तो खेळ कुठून पाहिला, तेही सांगतो. ओसरीच्या पायऱ्यांखाली उभं राहून. वर बसायची आम्हाला परवानगी नव्हती. बाबा तिथंच उभ्या उभ्या खेळ शिकले. पटावर हात मात्र कधी लावला नाही. वाड्यातून गावाला खेळ ठाऊक झाला हे खरंय, पण ज्यांना वर बसता येत होतं त्यांनाच तो खेळता आला.

मंडळ सुरू झालं ते कापसाच्या रांगेत. बाबा ही गोष्ट इतक्या वेळा सांगायचे की मला ती पाठ आहे.

१९७२ मध्ये सरकारची कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. कापूस दुसऱ्या कोणाला विकायचा नाही, सरकारी केंद्रावरच न्यायचा. हंगामात केंद्राबाहेर बंड्यांची रांग लागे, ती थेट सडकेपर्यंत. ग्रेडर येणार, बोटांनी धागा ओढून बघणार, प्रत ठरवणार, मग काटा, मग चुकारा कधी मिळेल ते मिळेल. नंबर लागायला दोन-दोन, तीन-तीन रात्री जात. बैल सोडायचे, बंडीखाली गोणपाट टाकायचं, शेकोटी पेटवायची. भाकरी संपली की घरून कोणीतरी आणून द्यायचं.

एका रात्री बाबांनी बारदान्यावर कोळशानं चौसष्ट घरं आखली. प्यादी चिंचोक्यांची केली, एका बाजूचे आख्खे काळे आणि दुसऱ्या बाजूचे फोडलेले, आतून पांढरे. हत्ती म्हणून बोंडाची वाळकी टरफलं, उंट म्हणून बिब्बे, एका बाजूच्या बिब्ब्यांना चुना लावलेला. राजे-वजीर म्हणून जिनिंगच्या आवारात सापडलेले नट आणि बोल्ट. पट मांडून बाबा एकटेच दोन्ही बाजूंनी खेळत बसले.

पुढच्या बंडीवर वाड्याचा धाकटा मुलगा होता. तुमचाही कापूस त्याच रांगेत उभा होता, दादा. तिथं ओसरी नव्हती आणि पायरीही नव्हती. तो बंडीवरून उतरला, खाली येऊन गोणपाटावर बसला आणि म्हणाला, "मी कोणत्या बाजूनं?"

त्या रात्री त्यांचे तीन डाव झाले. भोवती आठ-दहा माणसं जमली, त्यात सगळ्या आळ्यांतली होती. पुढची तीन-चार वर्षं हंगाम आला की रांगेत पट मांडला जाई. मग कोणाच्या तरी मनात आलं की हंगाम नसतानाही बसायला काय हरकत आहे? ते "कोणाच्या तरी" म्हणजे नेमकं कोण, हे बाबांनी कधी सांगितलं नाही. मला वाटतं, ते स्वतःच.

शकुंतला_पॅसेंजर

फरदड भाऊ, तो चुना लावलेला बिब्बा डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

अंबाडी

फरदड, तो धाकटा मुलगा म्हणजे माझे काका. रांगेतली ही गोष्ट आमच्या घरात कोणीच सांगितली नाही. काका घरातल्या पटावर बसायचे बंद झाले आणि आजोबांचं त्यांच्याशी बिनसलं, एवढंच मला ठाऊक होतं. कशावरून बिनसलं ते आज तुमच्यामुळे कळलं.

पायऱ्यांखालचं तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. मी लहान असताना ते पाहिलंय आणि त्यात काही वावगं आहे हे तेव्हा मला दिसलं नव्हतं. "उगम वाड्यातला" हे माझं वाक्य मी मागे घेतो.

एक गोष्ट मात्र मांडून ठेवतो. मंडळाला संच हवा होता तेव्हा काकांनी हाडाचा संच मागितला होता आणि आजोबांनी नकार दिला, हे माझ्या आईनं सांगितलंय. सुतारबाबांकडे जायची वेळ आली ती त्या नकारामुळेच, असं दिसतंय.

वावरवाला

बरोबर. सुतारबाबाईनं मजुरी घेतली नाही. हरल्यावर मोहरे फेकाचे नाई, हेच मागतलं.

तर्रीपोहे

दोघांनाही नमस्कार. मी नागपूरचा. पार्ल्या-दादरकडच्या खेळाबद्दल पुष्कळ वाचलंय, सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळाबद्दलही ऐकलंय, पण कापसाच्या रांगेतलं मंडळ पहिल्यांदाच ऐकतोय.

अंबाडी यांनी देशी नियम लिहिले त्यावर थोडी भर घालतो. एक घर चालणारं प्यादं हे काही मागासलेपण नाही. पंजाबचे मीर सुलतान खान देशी नियमांवरच वाढले. उमरावाच्या पदरी होते, त्यांच्याबरोबर विलायतेला गेले आणि १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा जिंकले. हेस्टिंग्जच्या स्पर्धेत खुद्द माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं. सुरुवातीच्या चाली त्यांना अवघड जात, कारण दोन घरं धावणाऱ्या प्याद्यांची सवय नव्हती. मधला आणि शेवटचा खेळ मात्र असा की भले भले गार होत. जागतिक संघटनेनं त्यांना ग्रँडमास्टर किताब दिला तो २०२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी. तुमचे आजोबा त्याच शाळेतले म्हणायचे.

आता पोस्टकार्डांकडे वळूया का? त्या आकड्यांनी मला रात्रभर झोपू दिलेलं नाही.

मुक्काम_पोस्ट

तर्रीपोहे, मी सोडवतो. ती टपाली बुद्धिबळाची आकडी नोंद आहे. पटाच्या उभ्या पट्ट्यांना डावीकडून १ ते ८ आकडे द्यायचे, आडव्या ओळींना हळदीच्या बाजूनं १ ते ८. पहिले दोन आकडे म्हणजे मोहरं कुठून उचललं, पुढचे दोन म्हणजे कुठं ठेवलं. ५२५४ म्हणजे राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे. ५७५५ म्हणजे समोरच्यानंही तेच केलं. मग ७१६३, नंदी बाहेर. २८३६, समोरचाही घोडा बाहेर. पुढच्या कार्डावर ६१२५ असेल तर उंट घोड्यावर चालून गेला, म्हणजे स्पॅनिश सुरुवात. पऱ्हाटीताई, बघा बरं.

अक्षरं नाहीत म्हणून भाषेची अडचण नाही. मराठी माणूस आणि रशियन माणूसही असा डाव खेळू शकतो.

हे मला ठाऊक, कारण ती कार्डं माझ्या आजोबांना आलेली आहेत. ते गावात प्राथमिक शिक्षक होते आणि मंडळाची वही तेच लिहीत. समोरचा खेळाडू भुसावळकडचा, रेल्वेत नोकरीला. एक चाल जाऊन उत्तर यायला आठ-दहा दिवस लागत, पावसाळ्यात त्याहून जास्त. एका डावाला वर्ष-दीड वर्ष सहज लागायचं. आजोबांच्या खाटेशेजारी स्टुलावर तो एक डाव कायम मांडलेला असे आणि घरात झाडू मारताना त्या स्टुलाला धक्का लावायची कोणाची टाप नव्हती.

त्यावरून एकदा मोठा गोंधळ झाला. गावात त्या काळी सट्टापट्टीचा सुळसुळाट होता. कार्डावर नुसते आकडे बघून कोणीतरी चुगली केली की गुरुजी आकडा घेतात! एक जमादार घरी आले आणि गठ्ठा जप्त करून आजोबांना चौकीवर घेऊन गेले. आजी रडायला लागली. आजोबांनी जाताना हा नंदीवाला संच पिशवीत टाकला. चौकीत टेबलावर पट मांडला आणि एकेक कार्ड वाचत जमादारांना सगळा डाव खेळून दाखवला, अठराव्या चालीपर्यंत. जमादार अखेर म्हणाले, "गुरुजी, हा उंट मारून घ्या ना." आजोबा म्हणाले, "मारला की चौथ्या चालीला मात आहे." मग ती मात दाखवेपर्यंत दिवे लागले. कार्डं परत मिळाली. पुढच्या महिन्यात तेच जमादार मंडळात येऊन बसू लागले.

चौथा नंदी त्या चौकीतच राहिला असं आजोबा म्हणत. रीळ आजीची.

पऱ्हाटी

मुक्काम_पोस्ट, अंगावर काटा आला. होय, पुढच्या कार्डावर ६१२५ च आहे!! एका कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलंय, "गुरुजी, उंट मारला असतात तर बरे झाले असते."

वावरवाला

माह्या मामाचा किस्सा सांगतो. मंडयातून पहिल्यांदा बाहेरच्या स्पर्धेले चार जन गेले, मामा त्यातले एक. शकुंतलेनं मूर्तिजापूर, तिथून मोठ्या गाडीनं नागपूर. शकुंतला म्हन्जे तुमाले माईतच हाय, यवतमाळ-मूर्तिजापूर ११३ किलोमीटर अन् अर्धा दीस तिच्यात. वाफेचं इंजन होतं तवा. डब्यात पट मांडला तं धक्क्यानं प्यादे सरकत.

मामाचा तिसरा डाव जितल्यातच जमा होता. प्यादं शेवटच्या घरात गेलं. ते घर घोड्याचं. मामानं मुकाट्यानं प्यादं उचललं अन् घोडा ठेवला! समोरचा पाहतच राह्यला. पंच बी वाकून पाहाले लागले. वजीर ठेवला असता तं दोन चालीत खेळ खलास. मामाले वाटे का नियमच तसा. देशी नियम डोक्यात बसला होता ना, घोड्याच्या घरात घोडा. डाव बरोबरीत सुटला.

परत येताना गाडीत कोनीच काई बोललं नाई. मूर्तिजापूरले मामाच म्हनले, "आता देशी बंद. नाई तं असेच मरू." त्यानंतर मंडयात आंतरराष्ट्रीय नियम आले. वाड्याच्या धाकट्या मालकानं अन् फरदड भाऊच्या बाबानं मिळून सगळे नियम मोठ्या कागदावर लिहून भिंतीले चिकटवले.

सांजवात

वावरवाला दादा, तुमच्या मामांबद्दल खरंच हळहळ वाटली. उलट्या बाजूचं माझ्या भावाचं झालं. त्यानं प्यादं शेवटच्या घरात नेलं, जवळ दुसरा वजीर नव्हता म्हणून हत्ती उलटा करून ठेवला. घरी आम्ही तसंच करतो. पंच म्हणाले, उलटा असो की सुलटा, हत्ती तो हत्तीच. घड्याळ थांबवून वजीर मागायला हवा होता. नवीन खेळणाऱ्या मुलांना हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

मी अकरावीत आहे, मंडळात येते. काका-आजोबांच्या गोष्टी वाचून छान वाटलं, पण एक विचारते. या सगळ्या कहाणीत बायका कुठे आहेत?

अंबाडी

सांजवात, खरं सांगायचं तर त्या काळी मुली खेळतच नव्हत्या. मुली या खेळात आल्या त्या आत्ता, दिव्या देशमुखनंतर.

सांजवात

अंबाडीकाका, मी तुमचा मान राखून असहमत आहे. भारताची पहिली महिला राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९७४ मध्ये झाली आणि ती वासंती खाडिलकर यांनी जिंकली. त्या, जयश्री आणि रोहिणी या तिघी बहिणी मुंबईच्या. रोहिणी खाडिलकर १९७६ मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्या, भारतातल्या पहिल्या. तुमच्या कापसाच्या रांगेचाच तो काळ आहे.

दिव्याताईंचं म्हणाल तर आमच्या गावात त्यांच्यामुळे खूप फरक पडला हे खरंच. २८ जुलै २०२५ ला बातुमीला त्यांनी टायब्रेकमध्ये कोनेरू हम्पींना हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या १९ वर्षांच्या होत्या आणि त्या विजयामुळेच थेट भारताच्या ८८व्या ग्रँडमास्टर झाल्या. त्याआधी त्यांच्याकडे ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म (किताबासाठी लागणारी ठरावीक कामगिरी) नव्हता. तो डाव आम्ही वाचनालयात एका मोबाइलवर अकरा जणींनी पाहिला. दुसऱ्या दिवसापासून माझ्या आईनं मला संध्याकाळी सहानंतर मंडळात जायला परवानगी दिली. त्याआधी मुलींनी दिवे लागायच्या आत घरी, असा नियम होता, आणि मंडळ तर दिवे लागल्यावरच रंगात येतं.

पऱ्हाटी

सांजवात, तू विचारलंस म्हणून वही पुन्हा काढली. वाळवीतून वाचलेल्या पानांत एक नाव सतत येतं, 'दुकानवाल्या बाई'. हळदीकडूनही, काजळीकडूनही. एका पानावर त्या महिन्याचे सगळे डाव आहेत आणि बाईंचे नऊपैकी सात जिंकलेले. सगळ्यांची नावं पूर्ण लिहिलीत, यांचं मात्र नाव नाही.

आईला विचारलं. आई म्हणाली, "अगं, त्या म्हणजे चौकातल्या किराणाच्या. गिऱ्हाईक नसलं की गल्ल्यावर पट. मंडळाची माणसं चाल अडली की त्यांच्याकडे जायची." मग थांबून म्हणाली, "मला त्यांनीच शिकवलं." माझी आई बुद्धिबळ खेळते हे मला त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं. रात्री आम्ही दोघी बसलो. मी दोन्ही डाव हरले.

मुक्काम_पोस्ट

दुकानवाल्या बाईंचं आजोबाही सांगत. वहीत नाव का लिहिलं नाही याचं उत्तर माझ्याकडे नाही. आजोबांनी लिहायला हवं होतं.

तर्रीपोहे

१९९५ ची कोणाला आठवण आहे का? आनंद-कास्पारोव्ह, जगज्जेतेपदाची लढत, न्यूयॉर्क. पहिले आठ डाव बरोबरीत, नववा आनंदनं जिंकला आणि दहाव्यात कास्पारोव्हनं हत्ती सोडून देत असा हल्ला चढवला की सगळं फिरलं. आम्ही नागपुरात पेपरच्या कचेरीबाहेर उभे असायचो.

फरदड

आठवण नाही कशी? आमच्याकडे पेपर दुपारी एसटीनं यायचा. स्टँडवर गठ्ठा उतरला की एक जण पळत वाचनालयात जाई, दुसरा मोठ्यानं चाली वाची आणि बाबा नंदीच्या पटावर मांडत. नवव्या डावाच्या दिवशी दुकानवाल्या बाईंनी सगळ्यांना पेढे वाटले. दहाव्या डावाच्या दिवशी हत्ती सोडल्याची चाल वाचली गेली तेव्हा बाबा चुकीचं छापलंय म्हणाले आणि तीनदा पुन्हा वाचायला लावली. चुकीचं नव्हतं. मग ते बराच वेळ पट बघत बसले आणि एवढंच म्हणाले, "हा माणूस घरून आखून आला होता."

शकुंतला_पॅसेंजर

माझं स्पष्ट मत सांगतो. जुनं सगळं छान, पण आता मुलं मोबाइलवर खेळतात. मिनिटा-मिनिटाचे डाव. खोली, पट, पाटी कशाला हवी?

सांजवात

दादा, मोबाइलवर मीही खेळते, रोज. त्यामुळेच माझा खेळ सुधारला. पण मोबाइलवर समोरचा हरला की निघून जातो. मंडळात हरल्यावर आजोबा मला थांबवतात आणि म्हणतात, "चल, चौदाव्या चालीपासून पुन्हा लाव." गेल्या वर्षी मला जे काही आलं ते त्या पुन्हा लावण्यातून आलं.

अडचण आहे ती वेगळी. मानांकन, म्हणजे खेळाच्या ताकदीचे गुण, मिळवायच्या स्पर्धा नागपूर-अमरावतीला. प्रवेश फी, एसटीचं भाडं, राहणं, सोबत एक मोठं माणूस. मार्च २०२४ पासून आंतरराष्ट्रीय मानांकनाची खालची मर्यादा १४०० झाली, म्हणजे पहिलं मानांकन मिळवणंच कठीण झालं. खोलीत आम्ही एकमेकींशी खेळून तयार झालो नाही, तर स्पर्धेत जाऊन नुसती फी भरून यायचं.

शकुंतला_पॅसेंजर

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. एका मुलीचं वर्षभराचं एसटी भाडं माझ्याकडे लागलं. पऱ्हाटीताई, कुठं द्यायचं ते कळवा.

पऱ्हाटी

शकुंतला_पॅसेंजर, आभार कसे मानू? फोन करते.

आता मूळ प्रश्नाकडे येते. इतकं वाचल्यावर एक साल लिहायचा धीर होत नाही. एकाधिकार खरेदी १९७२ ची, म्हणजे रांग त्याच्या आधीची नाही. फिशर-स्पास्की हा जगज्जेतेपदाचा सामनाही त्याच वर्षीचा, तेव्हा गावात बुद्धिबळाचं नाव कानावर असणार. संच त्यानंतर तीन-चार वर्षांनी. वहीचं पहिलं पान गेलंय. वाचनालयात खोली कधी मिळाली याचा कागद नाही. फरदड दादा, पाटीवर तुमच्या बाबांचं नाव संस्थापक म्हणून लिहायचं का?

फरदड

नको ताई. बाबा असते तर त्यांनी लिहू दिलं नसतं. ते म्हणायचे, एकट्यानं दोन्ही बाजूंनी खेळलं तर त्याला मंडळ म्हणत नाहीत. समोर येऊन बसणारा लागतो.

अंबाडी

मग दोघांचीही नावं नकोत. आणि वाड्याचंही नको.

वावरवाला

मी म्हनतो, 'कापसाच्या रांगेत सुरू झालं' एवढंच लिहा. साल नका लिहू. अन् एका कोपऱ्यात नंदी काढा.

सांजवात

आणि दुकानवाल्या बाईंचं नाव शोधा. पूर्ण नाव. गावातच त्यांच्या सुना-नातवंडं असतील ना?

पऱ्हाटी

सून यवतमाळला आहे, आईकडे पत्ता आहे. उद्या जाते. वावरवाला भाऊंची ओळ घेते, ती सगळ्यात खरी वाटते.

छपराचं काम पोळ्याच्या आधी संपेल असं मिस्त्री म्हणतात. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी दुपारी चारला नव्या खोलीत पहिला डाव. मुलं नंदी घेऊन येतीलच, त्यांनाही बसवू. पट आहेत, दोन घड्याळांतलं एक नादुरुस्त आहे, कोणाकडे असेल तर आणा.

अंबाडी

घड्याळ आणतो. हाडाचा संचही आणतो, आता तो माझ्याकडे आहे. फरदड, पहिला डाव आपण दोघं खेळूया का? देशी नियमांनी?

फरदड

खेळूया दादा. पण नंदीच्या पटावर. मी हळदीकडून.

वावरवाला

रीयेच्या जागी नंदी पाह्यजे ना मंग. सुतारबाबाचा नातू अजून नंदी करते. सांगून ठेवतो त्याले.